वाचकांचे प्रश्न : जर्मनीत उतरल्यावर मोबाइलचं काय?

जर्मनीतल्या विद्यापीठांचं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं, त्यामुळे ऑगस्टपासूनच आमच्याकडे तिकडे जाणाऱ्यांची आणि त्यांच्या आईवडिलांची पत्रं यायला लागतात. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा विद्यार्थ्यांखेरीज कामासाठी जाऊ पाहणाऱ्यांनाही ही माहिती उपयोगी पडावी. या वेळी मोबाइलविषयीचेच प्रश्न घेतले आहेत. रकमा अंदाजे आहेत. दर बदलत राहतात, नियम सहसा टिकतात.

मला श्टुटगार्टला प्रवेश मिळाला आहे. ३ ऑक्टोबरला सकाळी फ्रँकफर्टला उतरेन. एक मित्र म्हणतो, विमानतळावरच सिम घे. दुसरा म्हणतो, दोन वर्षांचा प्लॅन घेतलास तर नवा फोनही मिळेल. काय करू? – विद्यार्थी, पुणे

आधी तारखेकडे बघा. ३ ऑक्टोबर हा जर्मन एकीकरणाचा दिवस, राष्ट्रीय सुट्टी. त्या दिवशी सुपरमार्केट बंद, आणि जर्मनीत रविवारीही दुकानं बंदच असतात. पाठोपाठ रविवार आला तर सलग दोन दिवस गावात सिम मिळणार नाही. विमानतळावर आणि मोठ्या स्टेशनांवर काही दुकानं उघडी असतात, पण तिथली प्रवाशांसाठीची सिम महाग पडतात. पहिल्या दोन-तीन दिवसांची सोय निघण्यापूर्वीच करून ठेवा. एक तर तुमच्या भारतीय सिमवर थोड्या दिवसांचा रोमिंग पॅक घ्या, नाही तर फक्त डेटा देणारं प्रवासी ई-सिम घ्या. आम्ही रोमिंग पॅक सुचवू. प्रवासी ई-सिमला बहुधा स्वतःचा नंबर नसतो, आणि घरमालकाला फोन करायची वेळ पहिल्याच दिवशी येते.

दुकानं उघडली की सुपरमार्केटचं प्रीपेड सिम घ्या. जर्मनीत टेलिकॉम, व्होडाफोन आणि ओ-टू ही तीन मोठी नेटवर्क आहेत. चौथी कंपनी वन-उंड-वन. तिचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क डिसेंबर २०२३मध्ये सुरू झालं. सुपरमार्केटची सिम यांच्याच टॉवरवर चालतात. आल्डीचं आल्डी-टॉक ओ-टूवर, लिडलचं लिडल-कनेक्ट व्होडाफोनवर, पेनीचं टेलिकॉमवर. पाकीट साधारण १० युरोला मिळतं आणि बहुतेक वेळा तेवढाच किंवा त्याच्या आसपास बॅलन्स आत असतो. त्यानंतर विद्यार्थ्याला पुरेल एवढा डेटा आणि जर्मनीतले अमर्याद कॉल महिन्याला ९ ते १५ युरोंत होतात.

‘महिन्याला’ हा शब्द मात्र सैल आहे. प्रीपेड पॅक २८ दिवसांचा असतो, म्हणजे वर्षाला १२ नाही, १३ हप्ते. खर्चाच्या वहीत तसंच मांडा. पॅक आपोआप वाढतो, पण त्या दिवशी खात्यात पूर्ण रक्कम असेल तरच. १० युरोंच्या पॅकला ९.८० शिल्लक असेल तर पॅक वाढत नाही, आणि तो चालू आहे असं समजून केलेले कॉल मूळ दराने कापले जातात. उरलेले ९.८० असे बघता बघता संपू शकतात. म्हणून २५व्या-२६व्या दिवशीच रिचार्ज करून ठेवा. रिचार्ज सुपरमार्केटच्या गल्ल्यावर मिळतो. पावतीवर एक लांब आकडा छापून येतो, तो फोनमध्ये टाकायचा. आकडा टाकून होईपर्यंत पावती फेकू नका.

आता दोन वर्षांच्या प्लॅनबद्दल. तो तुम्हाला पहिल्या आठवड्यात मिळणंच कठीण आहे. त्यासाठी युरोपियन बँक खात्याचा ईबान क्रमांक लागतो, कारण पैसे दरमहा खात्यातून थेट वळते होतात. शिवाय कंपनी शूफा या संस्थेकडे तुमची पत तपासते, आणि नव्याने आलेल्या माणसाची तिथे काही नोंदच नसते. बँक खातं उघडायला मोबाइल नंबर लागतो आणि बहुतेक बँकांना राहत्या पत्त्याची सरकारी नोंद, म्हणजे आनमेल्डुंग, हवी असते. ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या ठेवीतले, दरमहाचे पैसेही त्या साध्या खात्यातच येतात. नंबर नाही म्हणून खातं नाही आणि खातं नाही म्हणून प्लॅन नाही, असा हा पेच आहे. प्रीपेड सिम तो सोडवतं, कारण त्याला खातंही लागत नाही आणि शूफाची तपासणीही होत नाही. सहा महिन्यांनी तुम्हाला किती डेटा लागतो आणि खोलीत कोणतं नेटवर्क नीट येतं हे कळलं की मग दुसरा प्लॅन बघा. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, आणि डिसेंबर २०२१पासून त्याचे पैसे ग्राहकाकडून घेता येत नाहीत.

मुलगी आखेनला आहे. सिम विकत घेतलं, पण व्हिडिओवर ओळख पटवताना तीन वेळा नकार आला. पासपोर्ट तर नवा कोरा आहे. – एक आई, नाशिक

१ जुलै २०१७पासून जर्मनीत प्रीपेड सिमसुद्धा ओळखपत्र तपासल्याशिवाय सुरू होत नाही. नकार येण्याची कारणं ठरावीक आहेत. त्यातलं पहिलं आपल्याकडच्या नावांचं. आपल्या पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन नावं असतात, आणि आडनाव वेगळ्या रकान्यात असतं. मुली फॉर्ममध्ये फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव भरतात. समोरच्या कर्मचाऱ्याला पासपोर्टवर जास्तीचा शब्द दिसतो आणि तो अर्ज नाकारतो. फॉर्म पासपोर्टवर जसं आहे तसंच, दोन्ही नावांसकट भरायला सांगा. पुढे बँक, आरोग्य विमा, विद्यापीठ सगळीकडे तेच नाव ठेवायचं.

दुसरं कारण उजेडाचं. पासपोर्ट तिरका करून त्यावरची चमकती चिन्हं दाखवायला सांगतात. डोक्यावर ट्यूब असेल तर त्याच जागी लख्ख चकाकी येते. दिवसा खिडकीशेजारी बसून, प्लास्टिकचं कव्हर काढून दाखवलं तर दिसतं. तिसरं म्हणजे काही कंपन्यांची व्हिडिओ तपासणी सगळ्या देशांचे पासपोर्ट स्वीकारत नाही. त्यांच्या संकेतस्थळावर देशांची यादी असते, ती बघा. यादीत भारत नसेल तर शंभर वेळा प्रयत्न केला तरी उपयोग नाही.

तीनदा नकार आल्यावर मुलीने चौथ्यांदा व्हिडिओच्या मागे लागू नये. सिमच्या कंपनीकडे पोस्टइडेंटचा पर्याय असेल तर तोच घ्यावा. संकेतस्थळावर तो निवडला की एक कागद किंवा मोबाइलवर कोड मिळतो. तो आणि मूळ पासपोर्ट घेऊन डॉइच पोस्टच्या शाखेत जायचं. खिडकीवरचा माणूस पासपोर्ट प्रत्यक्ष बघतो, सही घेतो, पैसे पडत नाहीत. सिम त्यानंतर एक-दोन कामाच्या दिवसांत सुरू होतं. पासपोर्टची झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो चालत नाही.

सिम टपालाने मागवलं असेल तर आणखी एक गोष्ट. जर्मनीत टपाल फ्लॅट नंबरावर येत नाही, पेटीवरच्या नावावर येतं. मुलीचं आडनाव टपालपेटीवर चिकटवलेलं नसेल तर पोस्टमन पाकीट परत नेतो. बँकेच्या कार्डाचंही हेच होतं, म्हणून पेटीवरचं नाव पहिल्याच दिवशी लावायला सांगा.

श्वेबिश आल्ब भागातल्या खेड्यात रुग्णालयात काम करते. सांगलीहून आणलेल्या फोनला घरी रेंज येत नाही, सहकारी जर्मन मुलीला त्याच कंपनीच्या सिमवर येते. बोलताना माझं इंटरनेटही बंद पडतं. फोन बिघडलाय का? – परिचारिका

फोन बिघडलेला नसावा. तुम्ही सांगितलेल्या दोन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत.

रेंजचं कारण बँड, म्हणजे वारंवारितेचा पट्टा. जर्मनीत खेड्यापाड्यांत ४जी मुख्यतः कमी वारंवारितेवर पोहोचवलेलं आहे, आणि त्यातला मोठा वाटा ८०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे बँड २०चा. ही वारंवारिता डोंगर-झाडी आणि जाड भिंती ओलांडून लांब जाते. भारतात बँड २० वापरात नाही, म्हणून भारतात विकायच्या बऱ्याच स्वस्त फोनांत तो दिलेलाच नसतो. शहरात १८०० मेगाहर्ट्झचा बँड ३ मिळतो, तो दोन्ही देशांत आहे, त्यामुळे तिथे फरक कळत नाही. खेड्यात आलं की कळतो. सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ या ठिकाणी मॉडेलचा पूर्ण क्रमांक दिसतो. फोनच्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाची तांत्रिक माहिती उघडा आणि ४जीच्या यादीत २० आहे का बघा. फोनचं नाव तेच असलं तरी भारतातलं आणि युरोपातलं मॉडेल वेगळं असू शकतं, म्हणून नावावर जाऊ नका. २० नसेल पण ८ असेल, तर ९०० मेगाहर्ट्झवर ४जी चालवणारं नेटवर्क तुमच्या गावात आहे का ते तपासून सिम बदलून बघता येईल. दोन्ही नसतील तर तिथला साधा फोन घेणं हाच उपाय. असे जुने पण तपासलेले फोन १०० ते १५० युरोंत मिळतात.

बोलताना इंटरनेट बंद पडतं ते व्होल्टी सुरू नसल्यामुळे. जर्मनीतली ३जी सेवा २०२१मध्ये बंद झाली. आता कॉल एक तर ४जीवरून, म्हणजे व्होल्टीने, जातो किंवा थेट २जीवर उतरतो. २जीवर उतरला की तेवढा वेळ इंटरनेट थांबतं. सेटिंगमध्ये त्या सिमसाठी व्होल्टी आणि वाय-फाय कॉलिंग दोन्ही सुरू करा. वाय-फाय कॉलिंग मिळालं तर घरातल्या रेंजचा प्रश्नही बराचसा सुटेल. भारतातून आणलेल्या काही फोनांत जर्मन कंपनीसाठीची व्होल्टीची मांडणीच नसते, मग तो पर्याय दिसत नाही. अशा वेळी फोनचं सॉफ्टवेअर अद्ययावत करून बघा.

सिम बदलण्यापूर्वी बुंडेसनेट्झआगेंटूर या सरकारी नियामक संस्थेच्या नकाशावर तुमच्या गावाचा पिनकोड टाकून कोणत्या कंपनीचा सिग्नल कुठे पोहोचतो ते बघा. त्याहून भरवशाचं म्हणजे शेजाऱ्यांच्या फोनवर प्रत्यक्ष किती रेघा दिसतात ते विचारणं.

म्युनिकला दुकानातून फोनसकट २४ महिन्यांचा करार घेतला. नऊ दिवस झाले. चूक वाटते. १४ दिवसांत परत करता येतो ना? – वाचक, मूळचे ठाण्याचे

वाईट वाटतं, पण नाही. १४ दिवसांत करार मागे घेण्याचा हक्क ऑनलाइन, फोनवरून किंवा दारावर आलेल्या विक्रेत्याशी केलेल्या करारांना असतो. दुकानात जाऊन सही केली तर कायद्याने तो मिळत नाही. काही दुकानदार स्वखुशीने परत घेतात, म्हणून सील न फोडलेला फोन घेऊन आजच जाऊन विचारा. उद्यावर टाकू नका.

नकार मिळाला तर कागदपत्रं तपासा. सहीपूर्वी कराराचा एक छोटा गोषवारा देणं कंपनीवर बंधनकारक आहे. त्यात दर, मुदत आणि वेग लिहिलेले असतात. तो तुम्हाला मिळालाच नसेल तर तुमची बाजू भक्कम होते. अशा वेळी राज्याच्या फरब्राउखरत्सेंट्राले या ग्राहक सल्ला केंद्राकडे जा. थोडं शुल्क घेऊन ते करार वाचून देतात. गोषवाऱ्याचा नियम फोनवरून आलेल्या विक्रेत्यांनाही लागू होतो. त्यांना तुम्ही तोंडी ‘हो’ म्हणालात तरी गोषवारा हातात आल्यावर लेखी संमती दिल्याशिवाय करार पक्का होत नाही.

करार राहिलाच तर आजच रद्द करून टाका. म्हणजे तो २४ महिने चालेल, पण पुढे सुरू राहणार नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर करार रद्द करण्याचं बटण असणं जुलै २०२२पासून सक्तीचं आहे. ‘क्युंडिगन’ हा शब्द शोधा. पोच म्हणून आलेली ई-मेल जपून ठेवा. विसरलात तरी पूर्वीसारखं आणखी वर्षभर अडकायला होत नाही. डिसेंबर २०२१पासून पहिली मुदत संपल्यावर एक महिन्याच्या सूचनेने केव्हाही बाहेर पडता येतं.

हप्ता मात्र थांबवू नका. रागाने बँकेतून पैसे परत खेचणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांना दंड लागतो, प्रकरण वसुली संस्थेकडे जातं आणि शूफात वाईट नोंद होते. मग दोन वर्षांनी घर भाड्याने घेताना ती नोंद समोर येते. म्युनिकमध्ये घर मिळवणं किती अवघड आहे, ते तुम्ही तिथेच राहत असल्यामुळे जाणताच.

मुलगा तीन वर्षांसाठी जाणार आहे. त्याचं भारतातलं सिम त्याच्या बाबांच्या नावावर आहे. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. ते सिम घरी ठेवू की त्याच्याबरोबर देऊ? बंद पडलं तर? – गृहिणी, कोल्हापूर

हा प्रश्न निघण्याच्या दोन महिने आधी विचारलात हे फार बरं केलंत. बहुतेकांना तो तिथे पोहोचल्यावर सुचतो, आणि तेव्हा भारतात प्रत्यक्ष हजर राहावं लागेल अशी कामं अडतात.

सिम मुलाबरोबर द्या. बँकेची आणि यूपीआयची ॲप ज्या फोनवर चालतात त्याच फोनमध्ये ते सिम असणं अपेक्षित असतं. घरी ठेवून आईने ओटीपी वाचून सांगायचे, हे आठवडाभर चालतं. मग एक दिवस रात्री दोन वाजता तिथे फी भरायची असते आणि इथे तुम्ही झोपलेल्या असता. दोन सिमचा फोन घ्यावा. त्यात भारतीय सिम प्रत्यक्ष कार्डाच्या जागी आणि जर्मन ई-सिम असेल तर उत्तम.

नाव बदलायचं का? खातं मुलाचं आणि नंबर बाबांच्या नावावर, यात सहसा अडत नाही. उलट एक फायदा आहे. सिम हरवलं किंवा खराब झालं तर बदली सिम घ्यायला ज्याच्या नावावर आहे त्याला जावं लागतं, आणि बाबा कोल्हापुरात आहेत. मात्र बदली सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, म्हणून ओटीपी न आल्याने लगेच घाबरू नका. ते सिम जर्मनीला पोहोचवण्याचा वेळही धरा.

आता निघण्यापूर्वीची कामं. सिम पोस्टपेड असेल तर प्रीपेड करून घ्या. कंपनीच्या ॲपमधून आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करा. ते आपोआप सुरू नसतं आणि तिथे गेल्यावर सुरू करताना पुन्हा ओटीपीच लागतो. फोन बदलायचा असेल तर तो इथेच बदला आणि यूपीआय, बँक ॲप त्यावर इथेच सुरू करून बघा, कारण नोंदणीसाठी त्या सिमवरून एसएमएस पाठवावा लागतो. प्रत्यक्ष सिमचं ई-सिम करायचं असेल तर तेही इथेच. बँकेत ई-मेल नोंदवून ओटीपी ई-मेलवरही मागवा. मुलगा अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासींच्या खात्यात, बदलावं लागतं, तेव्हा बँक जर्मन नंबर नोंदवून घेते का ते विचारा. यूपीआयच्या बाबतीत जर्मन नंबरवर विसंबू नका. जानेवारी २०२३मध्ये परदेशी नंबरांवर यूपीआय देण्याची परवानगी निघाली तेव्हा त्यात १० देश होते आणि जर्मनी नव्हता. आधारचा ओटीपीही भारतीय नंबरवरच येतो.

‘बंद पडलं तर’ याचं उत्तर नीट समजून घ्या, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. नंबर आपल्या नावावर राहणं वेगळं आणि त्यावर सेवा चालू असणं वेगळं. ट्राय या भारतातल्या दूरसंचार नियामकाच्या नियमानुसार ९० दिवस वापर नसेल तर प्रीपेड नंबर काढून घेता येतो. खात्यात किमान २० रुपये असतील तर ते कापून आणखी ३० दिवस तो राखला जातो. म्हणून लोक म्हणतात, ‘वीस रुपये ठेव, चालतंय.’ नंबर राहतो हे खरं. पण वैधतेचा रिचार्ज संपला की कंपनी आधी आउटगोइंग आणि मग इनकमिंग बंद करते, आणि ओटीपी येत नाही. मुलाला नंबर नुसता राखायचा नाही, चालवायचा आहे. डिसेंबर २०२४मध्ये ट्रायने डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं कंपन्यांवर बंधनकारक केलं आणि मुदतीची मर्यादा ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. असा वर्षभराचा पॅक सुमारे अठराशे रुपयांना मिळतो. मुलाच्या वाढदिवसाला तो भरायचा असं ठरवून टाका, म्हणजे विसरणार नाही.

नंबर एकदा गेला की काही महिन्यांनी तो दुसऱ्या कुणाला दिला जातो. मग त्या अनोळखी माणसाच्या हातात तुमच्या मुलाच्या बँकेचे संदेश पडतात. यासाठीच एवढा खटाटोप सांगत आहोत.

तिथे पोहोचल्यावर भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवायचं, रोमिंग मात्र चालू. एसएमएस येण्याचे सहसा पैसे लागत नाहीत, पण पॅक नसताना आलेला कॉल उचलला तर लागतात, म्हणून उचलू नये. ओटीपी येईना तर नेटवर्कची स्वयंचलित निवड बंद करून दुसरं जर्मन नेटवर्क हाताने निवडावं. बऱ्याचदा तेवढ्यानेच साचलेले संदेश एकदम येतात.

स्विस सीमेवरच्या कोन्स्टान्झला राहतो. स्वित्झर्लंडला न जाताही रोमिंगचे पैसे लागले. – विद्यार्थी

सरोवराच्या काठावर स्विस टॉवरचा सिग्नल जास्त जोरात येतो आणि फोन तो पकडतो. युरोपीय संघात जून २०१७पासून रोमिंगला वेगळा आकार नाही, पण स्वित्झर्लंड संघात नाही. काही जर्मन प्लॅनमध्ये ते धरलेलं असतं, स्वस्त प्रीपेडमध्ये बहुधा नसतं. घरी असताना जर्मन नेटवर्क हाताने निवडून ठेवा आणि डेटा रोमिंग बंद करा. ऑस्ट्रियाला किंवा फ्रान्सला निघालात की पुन्हा सुरू करा. मोठ्या बोटींवर आणि विमानात फोन उपग्रहाच्या नेटवर्कला लागतो. ते युरोपच्या नियमात बसत नाही, म्हणून तिथे फ्लाइट मोडच.

नातीने दिलेला नंबर 0 ने सुरू होतो. भारतातून लागत नाही. – आजोबा, सातारा

आजोबा, सुरुवातीचा ० काढून त्याजागी +४९ लावा. ०१५१ने सुरू होणारा नंबर +४९ १५१ असा होईल. फोनमध्ये असाच साठवा, म्हणजे व्हॉट्सॲपवरही दिसेल. साधा कॉल महाग पडतो, व्हॉट्सॲपवरूनच बोला. वेळेचं एवढं लक्षात ठेवा : उन्हाळ्यात ती आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार. आणि नातीला एक निरोप द्या. जर्मनीत तातडीचा नंबर ११२ आहे, पण तो चालू सिमशिवाय लागत नाही. नवं सिम सुरू होईपर्यंत जुनं फोनमधून काढू नये.